२७ डॉलर ७६ सेंटांच्या करासाठी

अमेरिकेत लहान धंदा चालवणाऱ्या माणसाला प्राप्तिकर ठाऊक असतो, पगारातून कापायचा कर ठाऊक असतो आणि राज्याचा विक्रीकर तर तो रोजच गोळा करत असतो. पण फेडरल एक्साइज टॅक्स, म्हणजे ठरावीक वस्तू आणि सेवांवरचा केंद्र सरकारचा कर, नावाचे जे प्रकरण आहे ते आपल्यालाही लागू आहे, हे त्याला वेळेवर कोणीही सांगत नाही, आणि या गोष्टीचा मला आता मनापासून संताप येऊ लागला आहे. मी न्यू जर्सीत छोट्या कंपन्यांचे हिशेब लिहिण्याचे काम करते. माझा एकही ग्राहक दारू गाळत नाही की सिगारेटी बनवत नाही. (तसे असते तर त्याचा कर टीटीबी या निराळ्याच खात्याकडे गेला असता, ती गुंतागुंत वेगळी.) तरीही दर जुलैमध्ये या कराचे विवरणपत्र, म्हणजे फॉर्म ७२०, घेऊन बसावेच लागते.

एका आठ कर्मचाऱ्यांच्या छापखान्याचे उदाहरण घ्या. मालक सज्जन आहेत. आरोग्यविम्याच्या हप्त्यांनी कर्मचारी बेजार होतात म्हणून त्यांनी विम्याच्या जोडीला एचआरए सुरू केला, म्हणजे कर्मचाऱ्याने डॉक्टरला आणि औषधाला स्वतःच्या खिशातून दिलेले पैसे ठरावीक मर्यादेपर्यंत कंपनी त्याला परत करते. यात त्यांना आपण विमा कंपनी झाल्यासारखे वाटण्याचे काहीच कारण नव्हते. कायद्याला मात्र तसे वाटते. २०१० च्या अफोर्डेबल केअर ॲक्टने पीसीओआरआय नावाची वैद्यकीय संशोधनाची संस्था उभी केली आणि तिच्या खर्चासाठी विमा कंपन्यांवर, तसेच स्वतःच्या पैशांतून आरोग्ययोजना चालवणाऱ्या मालकांवर माणशी शुल्क बसवले. एचआरए ही अशीच ‘स्वतःची योजना’ धरली जाते. हे शुल्क २०१९ मध्ये संपायचे होते, पण त्याच वर्षाच्या अखेरीस काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, त्याला आणखी दहा वर्षांचे आयुष्य दिले.

३१ डिसेंबर २०२४ रोजी संपलेल्या योजनावर्षासाठी दर होता माणशी ३ डॉलर ४७ सेंट. एचआरएमध्ये फक्त कर्मचारी मोजायचे, त्याची बायकामुले मोजायची नाहीत, एवढी एक कृपा आहे. आठ गुणिले ३.४७, म्हणजे २७ डॉलर ७६ सेंट. त्यातही मेख अशी की या आठ जणांचा जो मुख्य आरोग्यविमा एका विमा कंपनीकडून घेतलेला आहे, त्याच्यापोटी तीच विमा कंपनी याच आठ जणांसाठी हेच शुल्क स्वतंत्रपणे भरते, म्हणजे एका माणसाच्या डोक्यावर एकाच संशोधनासाठी दोनदा आकारणी होते आणि ती पूर्णपणे कायदेशीर आहे.

पैशांबद्दल माझी तक्रार नाही. २७ डॉलरांत आज चार माणसांचे धड जेवणही होत नाही. तक्रार आहे ती हे २७ डॉलर ज्या वाटेने सरकारपर्यंत पोहोचवावे लागतात त्या वाटेबद्दल. फॉर्म ७२० हे तिमाही विवरणपत्र आहे आणि ते उघडले की विमानाचे इंधन, कोळसा, लसी, ट्रकचे टायर आणि जास्त पेट्रोल पिणाऱ्या मोटारी यांच्या रांगा समोर येतात. आपले शुल्क दुसऱ्या भागात, क्रमांक १३३ वर असते, आणि त्याच भागात मासेमारीचे गळ व काठ्या, धनुष्ये, बाणांच्या दांड्या आणि कातडी तांबूस करून देणाऱ्या टॅनिंग सलूनचा १० टक्के कर अशी मंडळी शेजारी नांदत असतात. छापखान्याच्या मालकांनी तो फॉर्म सही करण्यापूर्वी चष्मा लावून वाचला आणि मला विचारले, “ताई, मी मासे पकडत नाही, धनुष्यबाण विकत नाही, मग या कागदावर सही मी का करायची?” प्रश्न रास्त होता. “काका, तुम्ही माणसांच्या औषधाचे पैसे देता ना, म्हणून,” एवढेच मी सांगू शकले, आणि ते उत्तर देताना मला माझीच लाज वाटली.

तारखांचा घोळ तर विचारूच नका. योजनावर्ष संपले डिसेंबरमध्ये, शुल्क भरायचे पुढच्या ३१ जुलैपर्यंत, आणि ते दाखवायचे ३० जूनला संपलेल्या दुसऱ्या तिमाहीच्या विवरणपत्रावर, जिचा या शुल्काशी काडीचाही संबंध नाही. बाकीच्या तीन तिमाहींत मात्र हा फॉर्म भरायचा नाही, कारण दुसरा कोणताही एक्साइज लागू नाही. दर तर दरवर्षी बदलतोच, शिवाय तो बदलतो १ ऑक्टोबरला, त्यामुळे योजनावर्ष सप्टेंबरमध्ये संपले की डिसेंबरमध्ये, यावर फॉर्मवर वेगवेगळ्या ओळी आहेत. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये वर्ष संपलेल्या योजनेला ३ डॉलर २२ सेंट आणि तीन महिन्यांनी संपलेल्या योजनेला ३ डॉलर ४७ सेंट. हा २५ सेंटांचा फरक नीट उतरवण्यासाठी जो वेळ जातो त्याचे बिल मी ग्राहकाला प्रामाणिकपणे लावले, तर ते कराच्या कितीतरी पट होते. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात तो हाच प्रकार, फक्त इथे मसाला सक्तीचा आहे.

बरे, विवरणपत्र संगणकावरून पाठवावे म्हटले तर आयआरएसच्या, म्हणजे केंद्रीय करखात्याच्या, स्वतःच्या संकेतस्थळावर फॉर्म ७२० भरून पाठवण्याची सोय नाही. मान्यताप्राप्त खासगी कंपन्यांमार्फत जायचे आणि त्यांना फी द्यायची, किंवा छापून, सही करून, चेकसह युटामधल्या ऑग्डेनला टपालाने पाठवायचे. ज्या देशात पिझ्झा कोणत्या चौकापर्यंत आला आहे ते फोनवर दिसते, तिथे २७ डॉलरचा चेक पाकिटात घालून पोच पावतीसाठी पोस्टाच्या रांगेत उभे राहावे लागते.

ज्यांना हे सर्व माहीत असायला हवे त्यांचे मौन मला सर्वांत जास्त झोंबते. एचआरए विकणाऱ्या दलालाने मालकांना रंगीत माहितीपत्रक दिले होते, त्यात हसरी कुटुंबे होती, कर वाचण्याची आकडेवारी होती आणि शेवटी मुंगीएवढ्या अक्षरात ‘आपल्या करसल्लागाराशी बोला’ एवढे एक वाक्य होते. शुल्काचा शब्दही नाही. पगाराचे काम पाहणाऱ्या कंपनीला विचारले, तर उत्तर आले की आम्ही पगारातल्या करांचा फॉर्म ९४१ भरतो, ७२० आमच्याकडे येत नाही. दोघांकडेही कर्मचाऱ्यांची संख्या महिन्यागणिक तयार असते आणि दोघेही दरमहा पैसे घेतात. मग हे कर्तव्य शोधून काढण्याची जबाबदारी सर्वांत कमी माहिती असलेल्या माणसावर का?

या तुलनेत ट्रकवाल्यांचा फॉर्म २२९० मला जवळजवळ सुसह्य वाटतो. माझा एक ग्राहक बांधकामाची खडी-माती वाहतो. त्याच्या गाडीचे करपात्र वजन ५५,००० पौंडांच्या पुढे असल्यामुळे त्याला वर्षाला १०० डॉलर आणि वरच्या प्रत्येक हजार पौंडांना २२ डॉलर, जास्तीत जास्त ५५० डॉलर असा कर पडतो. तिथेही खोड्या आहेतच. वर्ष १ जुलै ते ३० जून असे धरतात, जे कॅलेंडरचेही नाही आणि सरकारच्या स्वतःच्या आर्थिक वर्षाचेही नाही. नवी गाडी ज्या महिन्यात रस्त्यावर आणली त्याच्या पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत भरणा करायचा. सोशल सिक्युरिटी क्रमांक चालत नाही, ईआयएन, म्हणजे मालकांना मिळणारा कर-क्रमांकच हवा, मग ट्रक चालवणारा माणूस एकटा का असेना. गाडी वर्षात ५,००० मैलांपेक्षा कमी धावणार असेल तर कर नाही, पण कर नाही हे सांगण्यासाठी फॉर्म भरायचाच. तरीसुद्धा त्या करामागचा हेतू उघड्या डोळ्यांनी दिसतो: जड गाड्या रस्ते जास्त झिजवतात आणि हा पैसा हायवे ट्रस्ट फंडात जातो. शिवाय शिक्का मारलेले शेड्यूल १, म्हणजे या फॉर्मचा पोच-पुरावा, दाखवल्याशिवाय गाडीची नोंदणी होत नाही, त्यामुळे काही राहिले असेल तर ते खिडकीवरच कळते. छापखान्याच्या मालकांना अशी कोणतीही खिडकी लागत नाही. वर्षानुवर्षे ते निश्चिंत राहू शकतात आणि नंतर दंड, व्याज आणि जुन्या वर्षांचे वेगवेगळे दर एकदम दारात येतात.

भारतात १ जुलै २०१७ रोजी केंद्रीय उत्पादन शुल्काचा बराचसा भाग जीएसटीत विलीन झाला. तिथल्या पोर्टलबद्दल माझा पुण्यातला भाऊ जे बोलतो ते इथे छापण्याजोगे नाही, तेव्हा तिकडे सगळे आलबेल आहे असा माझा दावा नाही. पण इथे करण्याजोगा उपाय अगदी साधा आहे. मालक वर्षाला प्राप्तिकराचे विवरणपत्र भरतोच, त्यात एक ओळ वाढवा. ते नको असेल तर पगाराच्या फॉर्म ९४१ वर घ्या, जिथे कर्मचाऱ्यांची संख्या आधीच लिहिलेली असते. तेही नको असेल तर १०० डॉलरच्या खालचे शुल्क माफ करा, कारण आज तशी किमान मर्यादा मुळीच नाही. २०२४ च्या योजनावर्षासाठी एकाच कर्मचाऱ्याचा एचआरए असता, तरी ३ डॉलर ४७ सेंटांसाठी हाच सगळा खटाटोप करावा लागला असता.

या जुलैत मालकांनी शेवटी विचारले की एवढी कटकट असेल तर एचआरएच बंद करावा का. आठ माणसांना मिळणारा औषधपाण्याचा आधार केवळ एका फॉर्मपायी काढून घेण्याची पाळी यावी, याचीच मला सर्वांत जास्त चीड आली. त्यावर मला त्यांना हेही सांगावे लागले की एचआरए यंदा बंद केला, तरी यंदा तो जेवढा चालला तेवढ्या योजनावर्षाचे शुल्क लागेलच, आणि ते भरण्यासाठी पुढच्या जुलैत हाच फॉर्म ७२० घेऊन पुन्हा बसावे लागेल.