मिसमॅच दिसला म्हणून लगेच रिपेअर मारू नका

‘घरच्या सर्व्हरची रेड ठणठणीत ठेवण्याचे रामबाण उपाय’ नावाचा एक फॉरवर्ड सध्या जोरात फिरतोय. रेड म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा वाचावा म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडणं; त्या जोडलेल्या गटाला अ‍ॅरे म्हणतात. दुर्लक्ष करत होतो. मग तो पार्ल्याच्या काकांकडे पोचला आणि त्यांचा फोन आला, “अरे, माझ्याकडे मिसमॅच काउंट १२८ दाखवतंय. रिपेअर मारून टाकू ना?” मिसमॅच काउंट म्हणजे तपासणीत डिस्कांवरच्या डेटात किती फरक निघाला तो आकडा, आणि रिपेअर म्हणजे तो फरक मिटवणारी आज्ञा. काकांच्या दोन डिस्कच्या रेड-१ वर (दोन्ही डिस्कवर तोच डेटा) घरातले यच्चयावत फोटो आहेत, आणि आजीच्या ओव्यांचं रेकॉर्डिंगही. तेव्हा आता लिहिणं भाग आहे.

फॉरवर्ड म्हणतो, मिसमॅच शून्य नसेल तर डिस्क मरायला टेकली आहे, ताबडतोब रिपेअर चालवा. यातला एकही शब्द धड नाही. हा आकडा ५१२ बाइटच्या सेक्टरांत, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांत मोजतात, आणि रेड-१ वर तपासणी ६४ केबीच्या तुकड्यांनी चालते. म्हणजे एका तुकड्यात एक बाइट जरी वेगळा निघाला, तरी त्या तुकड्यातले सगळे १२८ सेक्टर मोजले जातात. १२८ फायली बिघडल्या असा त्याचा अर्थ नाही.

लिनक्समध्ये रेड चालवणाऱ्या एमडीचं मॅन पेज (माहितीपत्रक) उघडून वाचायचे कष्ट कुणी घेतले असते, तर हा फॉरवर्ड जन्मालाच आला नसता. तिथे स्वच्छ लिहिलंय: रेड-५ आणि रेड-६ वर (जिथे पूर्ण प्रतीऐवजी पॅरिटी, म्हणजे हरवलेला डेटा परत काढता येईल असा हिशेब ठेवतात) मिसमॅच आला तर हार्डवेअरमध्ये कुठेतरी गडबड आहे असं समजा; पण पूर्ण प्रती ठेवणाऱ्या रेड-१ आणि रेड-१० वर तो सॉफ्टवेअरमुळेही येऊ शकतो, आणि त्याचं सर्वांत संभाव्य कारण म्हणजे अ‍ॅरेवर ठेवलेली स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा. वापरात नसलेल्या जागेत दोन प्रती वेगळ्या राहिल्या, तर कुणाचं काही बिघडत नाही.

आणि रिपेअर नेमकं करतं काय? तेही तिथेच आहे. रेड-१ वर एक प्रत धरून बाकीच्या तिच्याप्रमाणे पुसून लिहिल्या जातात. रेड-५ वर पॅरिटी नव्याने लिहिली जाते. बरोबर कोणती, चूक कोणती, हे एमडीला कळतच नाही. त्याच्याकडे चेकसम, म्हणजे डेटा बदलला का ते ओळखायची खूण, नाही. समजा एका डिस्कवर फोटो नीट आहे आणि दुसरीवर त्याचाच खालचा अर्धा भाग करडा झालाय. फोटो कधी नीट उघडेल, कधी बिघडलेला, कारण वाचन कधी या डिस्कवरून होतं, कधी त्या. चांगली प्रत अजून शाबूत आहे. रिपेअर मारलंत आणि करड्या प्रतीची निवड झाली, की चांगली कायमची गेली. वर मिसमॅच शून्य, म्हणजे तुम्ही खूश!

आधी बॅकअप घ्या. मग स्वॅप कुठे आहे ते बघा. नंतर दोन्ही डिस्कचं स्मार्ट (डिस्क स्वतःच ठेवते तो तब्येतीचा अहवाल) वाचा: त्यात १९७ क्रमांक म्हणजे वाचता न येणारे, निकालाच्या प्रतीक्षेतले सेक्टर, आणि १९९ म्हणजे डिस्क आणि बोर्डाच्या मधल्या देवाणघेवाणीतल्या चुका, ज्यात बहुतेकदा डिस्कपेक्षा साटाची केबल दोषी असते. १९९ चा आकडा परत शून्यावर येत नाही. लिहून ठेवा आणि केबल बदलल्यावर वाढतो का ते बघा. एक रात्र मेमटेस्ट, म्हणजे रॅमची चाचणीही चालू ठेवा. खराब रॅम असली की डिस्कला उगाच शिव्या बसतात.

दुसरा उपाय तर सरळ गुन्हा आहे: “अ‍ॅरे चालू होत नसेल तर त्याच डिस्क देऊन पुन्हा क्रिएट करा.” नाही! डिस्कचा क्रम, चंकचा (डेटाच्या एका तुकड्याचा) आकार, डेटा कुठून सुरू होतो ती जागा, यातलं काहीही चुकलं तर सिंक (डिस्क एकमेकींशी जुळवणं) सुरू होऊन जुनं खरवडलं जातं. डेटाची ही सुरुवातीची जागा एमडी हाताळायच्या प्रोग्रॅमच्या, एमडीअ‍ॅडमच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत बदललेली आहे, त्यामुळे क्रम तोंडपाठ असूनही फसायला होतं. आधी एक्झामिन या आज्ञेने प्रत्येक डिस्कचा इव्हेंट काउंट, म्हणजे बदल कुठवर नोंदले गेले तो आकडा, बघा. फरक थोडा असेल तर असेंबल फोर्स करून (आहेत त्या डिस्क जबरदस्तीने जोडून) अ‍ॅरे सहसा उभी राहते.

“दर महिन्याची तपासणी बंद करा, डिस्क झिजते.” बरं, अर्धं खरं आहे. एनएएससाठी (नेटवर्कवरच्या साठवण-सर्व्हरसाठी) विकल्या जाणाऱ्या कित्येक डिस्कवर वर्षाला १८० टीबी कामाची मर्यादा लिहिलेली असते आणि वाचनही त्यात धरतात. पण ४ टीबीची डिस्क महिन्यातून एकदा पूर्ण वाचली, तर वर्षाला ४८ टीबी होतात. सात-आठ तास लागतात, सर्व्हर सुस्त होतो, मान्य. मग वेगाची मर्यादा कमी करा. बंद केलीत तर खराब सेक्टर कळणार कधी? दुसरी डिस्क गेल्यावर, रीबिल्डच्या (नव्या डिस्कवर डेटा परत भरण्याच्या) मध्यात.

“रेड असली की बॅकअप नको” यावर काय बोलायचं? एका डिस्कवरून उडवलेली फाइल दुसरीवरूनही त्याच क्षणी उडते.

राहता राहिलं “मुंबईत वीज जात नाही, यूपीएस कशाला.” फारशी जात नाही, खरंय. पण १२ ऑक्टोबर २०२० ला आख्ख्या शहराची गेली होती, आणि पावसाळ्यात इमारतीच्या मीटर रूममध्ये काय होतं ते ज्याचं त्याला ठाऊक. यूपीएस घ्या, आणि त्याची यूएसबी केबल सर्व्हरला जोडून आपोआप शटडाउन लावा. नाहीतर बॅटरी संपली की सर्व्हर तसाच धाडकन बंद पडेल, फक्त पंधरा मिनिटं उशिरा.