ट्रेलरच्या छतावरचा एसी आणि "गॅस संपला"चं खूळ

अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेऊन फिरणाऱ्या आपल्या मंडळींमध्ये उन्हाळा लागला की एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर साधारण असा: छतावरचा एसी थंड करत नाही म्हणजे गॅस कमी झालाय, दर सीझनला टॉप-अप करा, कॅन आणून स्वतःच भरा. गॅस कमी झाल्याच्या खुणा म्हणे तीन. कॉइलवर (हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या जाळीवर) बर्फ धरतो, बाहेरच्यापेक्षा आत 20 डिग्री फॅरेनहाइट कमी होत नाही, आणि कॉम्प्रेसर घुंऽऽ करून बंद पडतो. यातलं जवळपास सगळंच चुकीचं आहे आणि कॅनवाला सल्ला तर धोक्याचा आहे.

आधी टॉप-अप. एसीतला गॅस वापरून संपत नाही हो, तोच तोच फिरत राहतो, कमी झाला तर कुठेतरी गळतोय आणि गळती तशीच ठेवून भरलात तर भरलेलाही जाणार. मग हे दरवर्षीचं डोक्यात आलं कुठून? मला वाटतं घरच्या स्प्लिट एसीवरून. तिथे आतल्या आणि बाहेरच्या युनिटमधली तांब्याची पाईप मेकॅनिक जागेवर येऊन नट आवळून जोडतो, तो जॉइंट नीट बसला नाही की गॅस जातो, म्हणून एप्रिल-मेमध्ये "साहेब, गॅस भरावा लागेल" हे वाक्य पुण्या-मुंबईत सगळ्यांच्या ओळखीचं. कारमध्येही रबरी होज असतात, तिथून थोडा थोडा जातो. रूफटॉप युनिट मात्र आपल्या जुन्या विंडो एसीच्या जातीचं, गॅस फिरण्याचं अख्खं सर्किट फॅक्टरीतच ब्रेझिंग करून (म्हणजे वितळलेल्या धातूने सांधून) बंद केलेलं, बहुतेकांना गॅस भरायचा व्हॉल्व्हच नसतो. कॅन लावणार कुठे? पाईपला भोक पाडून व्हॉल्व्ह बसवणारे लोक आहेत, पण तो व्हॉल्व्ह म्हणजे गळतीची अजून एक जागा. शिवाय गॅस औंसांत मोजून भरलेला असतो, अंदाजपंचे चालत नाही, आणि कारच्या 134ए गॅसचा कॅन 410ए या वेगळ्या गॅसच्या युनिटमध्ये घालणं म्हणजे त्याची वाट लावणंच. आणि हो, असं सर्किट उघडायला इथे ईपीएचं (अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं) 608 सर्टिफिकेट लागतं.

आता बर्फ. गॅस कमी असला तरी बर्फ धरतो हे खरं, पण बहुतेक वेळा कारण साधं असतं, कॉइलवरून पुरेशी हवाच जात नाही. फिल्टर धुळीने आणि कुत्र्याच्या केसांनी भरलेला, फॅन लो वर, आणि ह्यूस्टन किंवा फ्लोरिडाच्या दमट रात्री थर्मोस्टॅट 60 फॅरेनहाइटवर, मग दुसरं काय होणार. कूल बंद करून फॅन हाय वर ठेवा, बर्फ वितळतो. फिल्टर वापर असेल तेव्हा दर दोनेक आठवड्यांनी साबणाच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळवूनच लावा.

पण खरी गंमत आतलं प्लास्टिकचं कव्हर काढलं की दिसते (आधी ब्रेकर बंद करा). खोलीतली गरम हवा वर जायची वाट आणि थंड हवा डक्टमध्ये जायची वाट अगदी शेजारी शेजारी असतात, मध्ये एक पातळ पार्टिशन, आणि कित्येक ट्रेलरमध्ये ते इतकं ढिसाळ बसवलेलं असतं की फटीतून थंड हवा सरळ परत कॉइलकडेच जाते. एसी स्वतःचीच थंड केलेली हवा पुन्हा थंड करत बसतो, कॉइल गोठते, आणि बेडरूममध्ये तुम्ही घामाने निथळताय. त्या फटी अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइल टेपने बुजवा, कापडी डक्ट टेप नको, ती उष्णतेने सुटते. माझ्या मते नवीन ट्रेलर घेतल्यावर पहिलं काम हेच. खर्च एका टेपच्या रोलचा, पण ते मेसेजमध्ये कोणी लिहीत नाही.

20 डिग्रीचं गणित तर मुळातच चुकीच्या ठिकाणी मोजलं जातं. फरक बघायचा तो एसीत शिरणाऱ्या आणि एसीतून निघणाऱ्या हवेतला, बाहेरच्या तापमानाशी त्याचा थेट संबंध नाही. फिल्टरपाशी 85 फॅरेनहाइट आणि युनिटच्या सगळ्यात जवळच्या व्हेंटपाशी 65 आलं तर एसी त्याचं काम चोख करतोय. साधारण 16 ते 22 चा फरक म्हणजे ठीक, हवा फार दमट असेल तर थोडा कमी. तरीही आत गरम होत असेल तर ट्रेलरच्या पातळ भिंती, उघडा स्कायलाइट, अ‍ॅरिझोनातलं दुपारचं ऊन यांच्याकडे बघा, एसी सकाळीच चालू करा, दुपारी तापलेला डबा गार करायला 13,500 बीटीयू क्षमतेच्या एसीला संध्याकाळ होते. फरकच कमी येत असेल तर छतावर चढून कव्हर काढा, मागची कॉइल (उष्णता बाहेर टाकणारी) कापसाने आणि गांधीलमाशीच्या घरट्यांनी बुजलेली असू शकते. साध्या होजने हलकं पाणी मारा, प्रेशर वॉशरने फिन्स (कॉइलच्या पातळ पट्ट्या) आडव्या होतात.

घुंऽऽ आवाजाचा गॅसशी संबंध जवळपास नाहीच. एक तर कॉम्प्रेसरला सुरू व्हायला मदत करणारा कपॅसिटर गेलाय (फुगलेला दिसला तर नक्कीच, पण वीज बंद केल्यावरही त्यात चार्ज राहतो, माहिती नसेल तर हात लावू नका) किंवा व्होल्टेज कमी आहे. मित्राच्या ड्राइव्हवेत ट्रेलर लावून गॅरेजच्या 15 अँपच्या सॉकेटमधून लांबलचक एक्स्टेन्शनवर एसी चालवणारे बरेच जण आहेत. 120 व्होल्टचे 108 च्या खाली गेले की कॉम्प्रेसरची दमछाक सुरू होते, फुल भरलेल्या कॅम्पग्राउंडमध्ये दुपारी हेच होतं. सॉफ्ट स्टार्ट (कॉम्प्रेसर हळूहळू सुरू करणारं उपकरण) लावलात तर सुरू होतानाचा झटका कमी होतो, चालतानाचा करंट तेवढाच राहतो. आणि बंद केल्यावर लगेच चालू करू नका, तीन-चार मिनिटं द्या.

हवा नीट, व्होल्टेज नीट, कपॅसिटर चांगला, कॉम्प्रेसर चालतोय पण करंट नेहमीपेक्षा बराच कमी घेतोय, तांब्याच्या पाईपवर तेलकट डाग, हे सगळं एकत्र दिसलं तर मात्र गॅस खरंच गेलाय. तेव्हाही कॅन नको, बहुतेक वेळा अख्खं युनिट बदलणंच परवडतं, छतावरचं भोक जवळपास सगळ्यांचं 14 बाय 14 इंचाचंच असतं. फक्त गास्केट नवीन घ्या आणि चारही बोल्ट सारखे आवळा.