‘शेवटी भाषणच ते!’ या प्रतिक्रियेला उत्तर

अमेरिकी अध्यक्षांच्या शपथविधीच्या भाषणांत वाक्याचा कर्ता कोण, हे पाहावं, असं मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया रोखठोक आहे, तेव्हा मीही आडपडदा ठेवत नाही. तुमचं म्हणणं असं: शपथविधीची भाषणं एकाच साच्यातली असतात, ती लिहितात दुसरेच, लोक ती विसरून जातात. मग त्यात वाक्याचा कर्ता शोधत बसणं हा रिकामटेकडा उद्योग. नेत्याला त्याच्या कामावरून जोखावं.

आधी कामाचंच घेऊ. ४ मार्च १९३३ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट अमेरिकेचे अध्यक्ष झाले. भीती बाळगायचीच तर ती फक्त भीतीची, हे त्यांचं त्या दिवशीचं वाक्य सगळ्यांना ठाऊक असतं. मला शेवटाकडचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकी संसदेनं, पावलं उचलली नाहीत, तर परकीय शत्रू चालून आल्यावर मिळतील तेवढे व्यापक अधिकार मी मागेन, असं ते तिथे सांगतात. त्याआधीच्या परिच्छेदांत सैन्य, शिस्त, चढाई हेच शब्द पेरलेले आहेत. दोन दिवसांनी त्यांनी देशभरातल्या बँका बंद ठेवण्याचा हुकूम काढला, आणि त्यासाठी आधार कशाचा घेतला? पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, शत्रूशी होणारा व्यापार रोखण्यासाठी केलेल्या कायद्याचा! तेव्हाच्या आर्थिक मंदीला युद्ध म्हणणं हा नुसता अलंकार राहिला नाही. आता यातलं भाषण कुठे संपलं आणि काम कुठे सुरू झालं, ते तुम्हीच सांगा. (हुकूम योग्य होता की नाही, हा वेगळा वाद. मला योग्य वाटतो.)

लेखक दुसरे असतात, कबूल. पण अध्यक्ष लिंकन यांच्या १८६१च्या शपथविधीच्या भाषणाचा मसुदा पाहा. तो देशातून फुटून निघणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांना ‘शांतता की तलवार?’ असं विचारून संपत होता. सहकारी सेवर्ड यांनी मवाळ शेवट सुचवला, लिंकननी तो घेतला आणि जवळजवळ प्रत्येक ओळ स्वतःच्या लयीत बसवली. उसना मजकूरही नेता निवडतो, आणि जबाबदारी त्याचीच राहते.

आता कर्त्याकडे येतो, कारण तुमचा मुख्य राग त्यावर आहे. मार्च १८६५, लिंकन यांचं दुसरं शपथविधीचं भाषण. दक्षिणेशी चाललेलं यादवी युद्ध उत्तरेनं जिंकत आणलं होतं, दक्षिणेला दोषी ठरवायला याहून सोयीची वेळ नव्हती. लिंकन म्हणतात, एक पक्ष राष्ट्र टिकू देण्यापेक्षा युद्ध करायला तयार होता, दुसरा ते बुडू देण्यापेक्षा युद्ध पत्करायला. आणि लगेच: ‘आणि युद्ध आलं.’ कुणी आणलं नाही, आलं. एरवी असं कर्ता गाळलेलं वाक्य दिसलं की मी सावध होतो, कारण अंग काढून घ्यायला सत्ताधाऱ्यांना ते फार सोयीचं पडतं. इथे मात्र पळवाट नाही. गुलामगिरी हेच युद्धाचं मूळ, हे ते त्याच भाषणात स्पष्ट सांगतात, आणि तिची शिक्षा उत्तर-दक्षिण दोघांच्या पदरात टाकतात.

राहिलं लोकांच्या विसरण्याचं. सरकार हा आपल्या समस्येवरचा उपाय नाही, सरकार हीच समस्या आहे, हे अध्यक्ष रेगन यांचं १९८१च्या शपथविधीतलं वाक्य आजही वादात फेकलं जातं. मूळ वाक्याची सुरुवात ‘या सध्याच्या संकटात’ अशी आहे. ती उद्धृत करणारा माणूस मला क्वचितच भेटतो.