जास्वंदीच्या चहाने पेट्रोल उतरत नाही

इंदूरच्या ग्रुपांवर फिरणारा तो हिंदी फॉरवर्ड शेवटी रामबागेतल्या मावशींपर्यंत पोचला. मुलगा पेट्रोलपंपावर नोझल धरतो, म्हणून त्यांनी देवाला आणलेली जास्वंद उकळायला घेतली. फॉरवर्ड सांगतो: गुड़हलचा (म्हणजे जास्वंदीचा) चहा रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवा, रोज दोन कप प्या, पेट्रोलची वाफ रक्तातून निघून जाईल, मग मास्क नको, आणि पेट्रोल तोंडात गेलंच तर हाच चहा पोटभर पिऊन उलटी काढा.

शेवटच्यापासून सुरू करते, कारण त्यात जीव जाऊ शकतो. नळी तोंडात धरून गाडीतलं पेट्रोल ओढणं आपल्याकडे सर्रास चालतं. घोट पोटात गेला तर मळमळतं, जळजळतं. खरा धोका फुप्फुसाला. पेट्रोल पाण्याहून पातळ. घशाशी आलं की श्वासनलिकेत उतरतं आणि आत झरझर पसरतं. चमचाभरही लागत नाही, न्यूमोनियासारखी सूज येते. उलटी काढायची म्हणजे तेच पेट्रोल पुन्हा घशाशी आणायचं! मीठपाणी नको, दूध नको, घशात बोटं नकोत. चूळ भरा, भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा, माणसाला बसतं ठेवा आणि थेट हॉस्पिटल गाठा. पहिला एक्स-रे स्वच्छ आला म्हणून घरी आणू नका. डाग काही तासांनी दिसतो. डॉक्टर सहा तास ठेवून घेतात ते त्याचसाठी.

आता चहा. ‘हिबिस्कस टी’ म्हणून विकतात ती अंबाडीची लाल बोंडं, जास्वंदीची फुलं नव्हेत. हिंदीत दोन्ही ‘गुड़हल’ झाली आणि घोळ झाला. बोंडं चांगलीच आंबट असतात, तांब्यात रात्रभर ठेवलीत तर तांबं उतरेल आणि सकाळी उलटी आपोआप होऊ शकते. काचेत किंवा स्टीलमध्ये करा: 2 ग्रॅम बोंडं, कपभर उकळतं पाणी, पाच-सात मिनिटं. अँटिऑक्सिडंट आहेत, रक्तदाबही थोडा उतरतो, एवढं मान्य. बीपीची गोळी चालू असेल तर म्हणूनच जपून.

पण बेंझीनचं, म्हणजे पेट्रोलच्या वाफेतल्या विषारी रसायनाचं काय? ते श्वासातून रक्तात जातं, यकृतात त्याचे तुकडे होतात आणि त्यातलेच काही अस्थिमज्जेला, म्हणजे हाडांतल्या रक्तपेशी बनवणाऱ्या मगजाला मारतात. कपभर चहा ते धुऊन काढत नाही. वनस्पतींच्या अर्कांचे प्रयोग झालेत ते उंदरांवर, वजनाच्या हिशेबाने अर्क पाजून. पंपावरच्या माणसावर नव्हे. जागतिक आरोग्य संघटना बेंझीनची कोणतीही सुरक्षित पातळी सांगत नाही. आपल्या बीएस-6 पेट्रोलमध्ये ते कमाल 1 टक्का असतं, शून्य नाही.

मास्कबद्दल मात्र फॉरवर्ड अर्धा खरा, तोही चुकून. रुमाल, सर्जिकल, एन-95 यांतलं काहीच वाफ अडवत नाही. त्यासाठी मास्कला सक्रिय कोळशाचं कार्ट्रिज लागतं, आणि तेही ठरल्या वेळी बदलावं लागतं.

टाकीत 10 लिटर पेट्रोल पडतं तेव्हा साधारण तेवढीच वाफेने भरलेली हवा टाकीच्या तोंडातून बाहेर येते. म्हणून वारा पाठीशी घ्या, टाकीवर वाकू नका. नोझल खटकन बंद झालं की ‘पाचशे पूर्ण करा’ म्हणणाऱ्या गिऱ्हाईकासाठी पुन्हा पिळू नका. हाताचं ग्रीस पेट्रोलने पुसू नका, बेंझीन कातडीतूनही शिरतं. युनिफॉर्म घरच्या कपड्यांत धुवू नका. आणि वर्षातून एकदा सीबीसी (रक्तपेशी मोजणारी तपासणी) करून पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स गेल्या वर्षीच्या रिपोर्टशी ताडून पाहा.