पाणी घातलं हो मी!

हरितगृहातून मी जेमतेम दहा मिनिटं बाहेर गेलो. तेवढ्यात पाहुणे आलेल्या काकांनी स्टीव्हियाच्या, म्हणजे गोड पानांच्या त्या झुडपाच्या, साठ कुंड्यांना पाणी घातलं. झारीने. मनापासून.

"वरून पार सुकल्या होत्या रे. बघवेना."

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, वरून सुकलेलंच दिसतं, काका! वरचा बोटभर थर फिका पडतो आणि खाली मूठ पिळली तर पाणी निथळेल अशी ओल असते. म्हणून कुंडी उचलून वजन बघायचं, नाहीतर दोन पेरं बोट आत घालायचं. स्टीव्हियाची मुळं नाजूक. तुडुंब ओलीत हवा मिळेनाशी झाली की ती तपकिरी होऊन कुजतात, झाड मान टाकतं, आणि मान टाकलेलं झाड दिसलं की कुणीतरी कनवाळू झारी घेऊन येतोच.

"मातीच नाही, मग पाणी जास्त लागणारच."

"माती नाही, पण मिश्रण आहे. सहा भाग कोकोपीट, तीन भाग गांडूळखत, एक भाग परलाइट, ते हलके पांढरे खडे."

"म्हणजे काथ्या नि शेण."

"गांडूळखत."

"तेच ते."

तेच ते! त्या काथ्यातला खार उतरावा म्हणून तो तीनदा धुतलाय. नाही धुतला तर पानांच्या कडा करपतात. बी पेरावं तर स्टीव्हियाची उगवण भलतीच कमी, म्हणून आठ-दहा सेंटीमीटरच्या काड्या लावून, तीन आठवडे दमट सावलीत ठेवून ही साठ रोपं धरली. आणि हे सांगेपर्यंत काकांनी एक कोवळा शेंडा खुडून तोंडात टाकलासुद्धा. शेंडा खुडायचाच असतो, त्याने फुटवे वाढतात. पण तो मी ठरवलेल्या दिवशी!

"गोड आहे की! पाण्यात साखर घालतोस?"

"पानातच असते गोडी. त्यातली गोड द्रव्यं वेगळी काढली तर साखरेच्या दोनशे-तीनशे पट गोड."

काका गंभीर झाले. वाकून कुंड्यांखाली बघून आले. "मग मुंग्या कशा नाहीत?"

हा प्रश्न कोणत्याही माहितीपत्रकात नसतो. मी गप्प. काका जिंकले.

आज कुंड्या अजून जड आहेत. ओल्या सेंद्रिय मिश्रणावर बारीक काळ्या माश्या घिरट्या घालताहेत. त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात, म्हणून पिवळे चिकट सापळे टांगलेत. पाणी बंद.

संध्याकाळी फोन आला. "आणि हो, काल जाताना ते दिवे विझवले हं. उगाच जळत होते."

दिवस बारा-तेरा तासांहून लहान झाला की स्टीव्हिया पानं सोडून फुलांच्या मागे लागतो. ते दिवे दिवस लांबवायलाच होते, काका.