विम-प्लग मेलेला नाही, आणि सूडो कशाला?

कोल्हापुरातल्या इंजिनीअरिंगच्या पोरांच्या ग्रुपांवर फिरणारा एक फॉरवर्ड भाच्यापर्यंत पोचलाय: 'विम-प्लग मेला. सूडो लावून डॉट-विम फोल्डर उडवा, लेझी टाका. एडिटर दहापट पळेल. लेझी प्लगिन तपासून घेतो, व्हायरस येत नाही.' विम म्हणजे टर्मिनलमधला मजकूर-एडिटर, विम-प्लग आणि लेझी म्हणजे एडिटरात प्लगिन (जोड-सोयी) बसवणारी साधनं, डॉट-विम म्हणजे विमचं सामान ठेवायचं फोल्डर, आणि सूडो म्हणजे सर्वाधिकारी 'रूट' म्हणून कमांड चालवणं. लिहिणाऱ्यानं लेझीचं रीडमी, म्हणजे माहितीपत्रक, तरी उघडायचं!

त्यात पहिलीच अट आहे: निओविम (विमचा नवा अवतार) ०.८ किंवा पुढचं, लुआजिटसह (लुआ भाषा चालवणारं इंजिन). म्हणजे साध्या विमवर लेझी चालतच नाही. आणि निओविमची सेटिंग असते डॉट-कॉन्फिगमधल्या एनविम फोल्डरात. मग लेझीसाठी डॉट-विम उडवून मिळतं काय? तुमची स्पेलिंगची यादी, फाइलप्रकारानुसार हातानं लिहिलेल्या सेटिंग (एफटीप्लगिन) मात्र जातात. विम-प्लगमधलं प्लगिन काढायचंय तर विमआरसीतली (विमची सेटिंग-फाइल) त्याची ओळ पुसा, विम पुन्हा उघडा, प्लगक्लीन ही कमांड द्या. झालं.

सूडोचा घोळ त्याहून वाईट. सूडो लावून विम-प्लगची फाइल डॉट-विममध्ये उतरवली, तर टिल्डचा (~, म्हणजे तुमचं होम फोल्डर) अर्थ शेल (कमांड वाचणारा प्रोग्रॅम) आधी लावतं, सूडो नंतर चालतं. त्यामुळे फाइल पडते तुमच्याच होममध्ये, पण मालक होतो रूट. मग प्लगिन बसवणाऱ्या प्लगइन्स्टॉल कमांडला फोल्डरच करता येत नाही. पोरं वैतागून 'सूडो विम' करतात. नव्या उबंटूवर तेव्हा होम रूटचं धरलं जातं, तुमची विमआरसी वाचलीच जात नाही, आणि 'प्लगिन गायब' म्हणून ग्रुपवर बोंब. 'एलएस -एलडी' देऊन डॉट-विमचा तिसरा रकाना बघा. तिथं रूट दिसलं तर मालक बदलणाऱ्या 'चोन -आर' (chown -R) कमांडनं मालकी स्वतःकडे घ्या. सूडो लागतो तो एवढ्या एकाच कामाला.

मेला तो पॅकर, निओविमचा जुना प्लगिन-मॅनेजर. ऑगस्ट २०२३ पासून त्याची देखभाल बंद आहे. बरं, लेझीची लॉकफाइल (प्लगिनांच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) झकास आहे, हे मान्य. विम-प्लगमध्ये तशी नोंद, प्लगस्नॅपशॉट, स्वतः आठवणीनं घ्यावी लागते.

दहापट वगैरे सोडा. इव्हेंट, कमांड, फाइलप्रकार असं काही सांगितल्याशिवाय लेझीसुद्धा साधं प्लगिन सुरुवातीलाच लोड करतो. उशिरा लोड करायला विम-प्लगलाही 'ऑन' (कमांडसाठी) आणि 'फॉर' (फाइलप्रकारासाठी) आहेत. एडिटर उघडताना 'स्टार्टअपटाइम' हा पर्याय लावून वेळ मोजा, मग बोला.

व्हायरसची तपासणी कोणीच करत नाही, दोघंही गिटवरून (कोड साठवायचं साधन) कोड उतरवतात. वर विम-प्लगचा 'डू' आणि लेझीचा 'बिल्ड' हे पर्याय प्लगिन बसवताना त्याची कमांड चालवतात. एडिटर सूडोनं उघडला असेल तर तीही रूट म्हणूनच चालते.