पॅडची जाहिरात लागली की रिमोट कशाला शोधता?

पारोळ्याहून ताईने पाठवलेला मेसेज: ‘पॅड आणि कंडोमच्या जाहिराती कायद्याने फक्त रात्री १० नंतर. दिवसा दाखवणाऱ्या केबलवाल्याला जेल. सेन्सॉर बोर्ड झोपलंय. ११ जणांना पाठवा.’

हसून सोडलं असतं. पण रविवारी तिच्याकडे जेवायला गेलो, तर पॅडची जाहिरात लागताच शेवभाजीचा हात तसाच ठेवून तिने रिमोट दाबला. बारा वर्षांची भाची हळूच म्हणाली, “मामा, ते निळं पाणी कशाले ओततात?” ताईने डोळे वटारले. पोरगी पुन्हा ताटात बघायला लागली. उद्या तिची पाळी आली की ती कोणाला विचारणार?

तर, पॅडला रात्रीची वेळ कुठल्याही कायद्यात नाही. डिसेंबर २०१७ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने रात्री १० ते सकाळी ६ ची सूचना काढली ती कंडोमच्या जाहिरातींपुरती. तीवर ओरड झाली, तेव्हा मंत्रालयानेच खुलासा केला की आरोग्याची माहिती देणाऱ्या, अश्लील नसलेल्या जाहिरातींना ती लागू नाही. पॅड त्यात घुसडलं ते मेसेज लिहिणाऱ्याने. आणि जाहिरात असभ्य, बीभत्स नसावी असं सांगणारा १९९४ च्या केबल नियमांतला नियम ७ पाळीला असभ्य म्हणत नाही. ते आपणच म्हणतो.

सेन्सॉर बोर्ड सिनेमे पास करतं. मालिका आधी बघून सोडणं त्याचं कामच नाही.

केबलवाल्याचं मात्र, कबूल करतो, अर्धं खरं आहे. संहितेबाहेरचं, म्हणजे टीव्हीवर काय चालत नाही ते सांगणाऱ्या नियमांबाहेरचं, काही दाखवू नये हे बंधन १९९५ च्या कायद्याने त्याच्यावरही घातलंय. पण त्यातली जेल २०२३ च्या जनविश्वास कायद्याने काढून टाकली. गल्लीतल्या पोराला उगाच घाबरवू नका.

आता तेच १९९४ चे नियम जरा मागे जाऊन वाचा. नियम ६ म्हणतो, अंधश्रद्धेला खतपाणी घालणारा कार्यक्रम नको. ताईच्या टीव्हीवर रोज संध्याकाळी मालिकेतल्या सुनेच्या अंगात येतं, लिंबं फिरतात, आणि तेव्हा रिमोट हरवलेला असतो.

तक्रार करायची तर थेट वाहिनीकडे लेखी करा. २०२१ च्या सुधारित केबल नियमांप्रमाणे २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मी त्या लिंबांची करतोय.